उगीच चकरा नकोत

८ ऑक्टोबर २००६, रविवार

बाबा उभे राहणार. नगर परिषदेला, वॉर्ड सात, अपक्ष. वय एकाहत्तर!

प्रबोधचा फोन आला तेव्हा मी खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबत होते. पलीकडच्या बेटांवर जंगलं जळतायत आणि धूर सगळा इथे सिंगापुरात, आमच्या पुंगोलात. समोरून जाणारी एलआरटीची गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. दोन दिवस लेकीला, ऋचाला, घरात कोंडलंय, म्हणजे खरं तर तिने मला. त्यात हा फोन — "ताई, बाबा अर्ज भरून राह्यले. मले न इचारता!" प्रबोध माझा धाकटा भाऊ. गावी बाबांजवळ तोच राहतो, आणि बाबांनी त्याला न विचारता चहाचा कप बदलला तरी त्याला राग येतो.

कारण शाळा. नगर परिषदेची शाळा क्रमांक तीन. बाबा तिथे एकवीस वर्षं हेडमास्तर होते, मी तिथेच शिकले. ती पाडून दुकानांचे गाळे काढायचा ठराव येतोय. आणणारे आमच्याच वॉर्डाचे नगरसेवक, दीनानाथ शेठ. गाळे कोण बांधणार हे विचारायला नको.

बाबांना फोन लावला. म्हटलं, प्रचाराचं काय? "दारोदार जाईन. अर्ध्या वॉर्डाला मी पाढे शिकवलेत." पाढे शिकवले म्हणून लोक मत देतात का, बाबा? "नाही देत. पण दार उघडतात."

नवरा, रत्नदीप, म्हणतो, हरले तर मन मोडेल त्यांचं. मी म्हटलं, हरतील कशाला! म्हटलं खरं. मग दिवसभर बैठकीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बैठकीत. तीन हजार किलोमीटरवरून मी काय करणार? फोनकार्ड घासणार!

१० ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं!

माझं काम काय? टेलिफोन कंपनीचे कोणते ग्राहक सोडून जाणार ते आधी ओळखायचं. कोणाला फोन करायचा, कोणाच्या नादी लागायचं नाही. सात वर्षं मी हेच करतेय, आणि आज चिकन राइसच्या रांगेत उभी असताना डोक्यात आलं — मतदारांचं तरी दुसरं काय? वॉर्डात सोळाशे मतदार. बाबा दिवसाला वीस घरं करतील, फार तर पंचवीस. गुडघे आहेत. मग प्रत्येक घर महत्त्वाचं. जे येणारच नाहीत त्यांच्या जिन्यावर बाबांनी का चढावं?

प्रबोधला सांगितलं: मतदार यादी पाठव. सगळी. आणि मागच्या निवडणुकीची टिका केलेली यादी कुठे असेल तर तीही.

"टिका केलेली" म्हणजे — मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराचा एक पोलिंग एजंट यादी घेऊन बसतो. कारकुनाने नाव पुकारलं की हा आपल्या यादीत टिक करतो. कोणाला मत दिलं ते कळत नाही, पण आला की नाही ते कळतं. मला तेवढंच हवंय. एकदा आलेला माणूस पुन्हा येतो, हे टेलिफोनवाल्यांनाही ठाऊक आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

धम्मदीक्षेला आज पन्नास वर्षं झाली. सगळे मिळून सेंगकांगला एकांच्या फ्लॅटवर जमलो. वंदना, मग खीर. मी खीर न घेताच निघाले. प्रबोधची मेल आली होती — चोपन्न पानं, सायबर कॅफेत स्कॅन केलेली. काही वाकडी, एका पानावर कोणाचा तरी अंगठा. आणि जुनी टिकांची यादीही मिळाली! बाबांचे एक मित्र मागे उभे राहून पडले होते, त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. पडलेला माणूस काय काय जपतो!

१६१४ नावं. सगळी एक्सेलमध्ये टाईप करायची. स्कॅनला काय कळतं!

२१ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी. आम्ही दिवाळी करत नाही, सुट्टी मात्र करतो. सकाळपासून ४०० नावं. ऋचा दोनदा येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बोलून गेली — "आई, यू ऑलवेज टायपिंग वन!" तिला म्हटलं, आजोबांसाठी आहे. "आजोबा डोन्ट नो हाऊ टु टाईप, मेह?"

प्रबोधशी वाजलं. तो म्हणतो, "ताई, एक रकाना समाजाचा टाक. आडनावावरून कळतेच. मंग पाय कसं सोपं होते."

सोपं होतं, खोटं कशाला बोलू? दहा मिनिटांत झालं असतं. पण बाबांची अट आहे, आणि पहिल्याच दिवशी घातलेली: हजेरीपटावर त्यांनी कधी जात पाहून मुलं बसवली नाहीत, यादीवरही बसवायची नाहीत. शिवाय आमचंच घ्या. इंगळे! अनेक जातींत सापडणाऱ्या या आडनावाने निम्म्या जिल्ह्याला चकवलंय. कॉलेजात मला एका मैत्रिणीच्या आईने आधी देवघरात नेलं होतं आणि मग आमच्या वस्तीचं नाव ऐकून हळूच बाहेर आणलं होतं. तो रकाना मी भरायचा? नाही म्हणजे नाही.

प्रबोध म्हणाला, "तुमी दोघं बापलेक निवडणूक लढता का शाळा भरवता?"

रकाना केला नाही याचा मला दिवसभर अभिमान वाटतोय. इथे लिहून ठेवते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

पान एकवीसवर आमचं घर आलं. ओळीने: दादाराव, प्रबोध, प्रबोधची बायको शुभदा, मग ६११ — बेबी दादाराव इंगळे, स्त्री, वय ५९. मग ६१२ — प्रियदर्शिनी दादाराव इंगळे, स्त्री, वय २४.

माझं नाव अजून तिथंच! लग्न होऊन आठ वर्षं झाली. यादीत मी अजून चोवीसची आहे, बाबांच्या घरात आहे. बरं वाटलं थोडं.

आईच्या ओळीपुढे "मयत, मार्च २००३" टाईप केलं. शाळेच्या दाखल्यावर शेरा लिहावा तसं. मग उठून भांडी घासली, घासलेलीच.

२९ ऑक्टोबर, रविवार

ईस्ट कोस्टला गेलो. धूर ओसरलाय, सगळं सिंगापूर सायकलवर. सुबोधला मुद्दाम बोलावलं होतं. सुबोध आमच्याच वॉर्डातला, माझ्या वर्गातला, आता मरीन परेडला काँडोत राहतो आणि पोहण्याच्या तलावाबद्दल फार बोलतो. त्याचे आई-वडील अजून गावी, शाळेच्या मागच्या गल्लीत. माझ्या यादीत पिवळे.

(हिरवे — नक्की येणार, नक्की आपले. पिवळे — नक्की येणार, पण मन सांगता येत नाही. लाल — दीनानाथचे. बाबांनी फक्त पिवळ्यांकडे जायचं, असं माझं गणित. हिरव्यांना एक फोन, लालांना नमस्कार.)

म्हटलं, सुबोध, काकूंना एक फोन कर ना. तो साते, म्हणजे काडीवरचं भाजलेलं चिकन, खात खात म्हणतो, "इंगळे सरांनी मला छडी मारली होती. सातवीत. मत कसलं!" मग स्मिताकडे, बायकोकडे, बघून — "सोळाचा पाढा चुकलो होतो. अजून चुकतो." लगेच तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, सरांना नाही तर कोणाला? आणि तुझे सर येऊन गेले परवा, पाणीसुद्धा घेतलं नाही!

सुबोधचं नावही यादीत आहे, त्याच्या बहिणीचंही. ती डेट्रॉईटला. दोघांपुढे "स्थलांतरित" लिहिलं. "मी मेलो असं तर नाही ना लिहिलंस?" म्हणाला.

१ नोव्हेंबर, बुधवार

एक्सेलमधलं चौथं पान केलं, पहिली तीन रंगांची. हे सर्वांत किचकट. यादीत आहेत पण वॉर्डात नाहीत अशी माणसं. वारलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्याला गेलेले, आमच्यासारखे उडालेले. बाबा एकेका दारात जाऊन "गणपतराव आहेत का" विचारणार आणि घरचे म्हणणार, गुरुजी, ते जाऊन पाच वर्षं झाली — ते टळावं एवढंच. पानाला नाव दिलं: "उगीच चकरा नकोत".

प्रत्येक नावाची खात्री केली. चार फोनकार्डं संपली. मावशीला, माझ्या दोन वर्गमैत्रिणींना, दूधवाल्या काकांना. तुमची छाया आता कुठे असते? येते का? कधी शेवटची आली होती? मतदानाला येणं जमेल का? सगळ्यांनी किती आनंदाने सांगितलं! दूर गेलेल्या मुलीबद्दल कुणी विचारलं की बायका थांबत नाहीत.

एकूण ५८ नावं. ५८ पैकी एकही येणार नाही, हे मी छातीठोक सांगते. बाकीच्या यादीबद्दल सांगणार नाही. पण हे पान शंभर टक्के.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं पाठवलं. बाबा फोनवर: "पिवळ्यांची पानं छापून घेतली. फार उत्तम काम. अक्षर मात्र बारीक आहे."

८ नोव्हेंबर, बुधवार

प्रबोध इतके दिवस माझ्या एक्सेलला "तुझे डब्बे" म्हणायचा. आज स्वतःहून फोन. "ताई, ते चौथं पान एकदम भारी आहे. त्याच्यात वय अन् स्त्री-पुरुष तेवढं टाकून दे." कशाला रे? "असू दे नं. यादी पुरी दिसते."

जेवणाच्या सुट्टीत टाकलं. शेवटी पोराला गोडी लागली म्हणायची!

१५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा पाय सुजलाय. तरी चालू आहे. दीनानाथ शेठकडून बायकांना स्टीलचे डबे वाटले जातायत. बाबा काय वाटतात? पत्रक. एका बाजूला शाळेचा नकाशा, दुसऱ्या बाजूला पाढे! मी हसले तर म्हणाले, "निवडणूक झाल्यावर पत्रक फेकून देतात. पाढे भिंतीला लावतात."

मला बसवत नाही. ऑफिसात आज बॉसने विचारलं, यू ओके? माय फादर इज कंटेस्टिंग इलेक्शन, म्हटलं. "वाह! फॉर पार्लमेंट?" नाही, म्हटलं, फॉर अ स्कूल.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पाऊस. पिवळे २८६ पैकी २४१ घरी जाऊन झाले. मी रोज गणित मांडते आणि रोज बाबा पडतात. कधी तीसने, कधी वीसने. रत्नदीपने लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवला. उंची कमी पडली माझी.

काल प्रबोधला विचारलं, वीस मतांनी कमी पडतोय रे, काय करायचं? "तू चिंता नको करू ताई. पडते म्हणजे काय? भरून काढू."

२६ नोव्हेंबर, रविवार

मतदान. आपले साडेनऊ म्हणजे तिथे सात. सात वाजून दहा मिनिटांनी फोन केला, बाबा म्हणाले मतदान केंद्राबाहेर शंभर मीटरवर उभा आहे, फोन करू नकोस. मग प्रबोधला केला, त्याने उचलला नाही. शुभदाने एकदा उचलला — खूप घाईत आहेत, ताई, तिथे बायका आल्यात दोन रिक्षा भरून, मी नंतर बोलते.

दोन रिक्षा! उत्साह बघा. बाबांसाठी रिक्षा करून बायका येतायत!

२७ नोव्हेंबर, सोमवार

अकरा मतांनी!!!

५०६ बाबा. ४९५ दीनानाथ. तिसरा कोणी ८९. ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. सफाईवाल्या आँटीने मला टिश्यूचं अख्खं पाकीट दिलं आणि म्हणाली, बॉयफ्रेंड नो गुड, फाइंड अनदर वन.

ऋचा — "सो आजोबा विन ऑलरेडी लाह? देन स्कूल कॅन स्टे?" हो, राणी. स्कूल कॅन स्टे.

रात्री पुन्हा गणित मांडायला बसले. सवय लागली बहुतेक.

३० नोव्हेंबर, गुरुवार

गुलाल, हार, मिरवणूक बाबांनी करू दिली नाही. दुसरंच काढलंय. पोलिंग एजंटची टिकांची यादी प्रबोधच्या पिशवीतून घेतली आणि कालपासून पान एकपासून प्रत्येक घरी चाललेत. जो जो मतदानाला आला त्याचे आभार मानायला! मत कोणाला दिलं ते विचारायचं नाही. "आला ना? तेवढं पुरे. मास्तर हजेरीचे आभार मानतो."

सुजलेला पाय घेऊन! रोज चार-पाच पानं करणार म्हणे. प्रबोध वैतागलाय, "ताई, त्यायले थांबव तू. काही गरज आहे काय याची?" मलाच कौतुक वाटलं. मी म्हटलं, फिरू दे रे.

१ डिसेंबर, शुक्रवार

सुबोधचा फोन. हसत होता. "अगं, आई मला विचारतेय, तू गुपचूप येऊन गेलास का? मतदानाला तिचं नाव पुकारलं तेव्हा कारकून म्हणाला, आजी, तुमच्या मुलाचं सकाळीच झालं. आता तिला वाटतंय मी गावी येऊन तिला न भेटता गेलो. रुसलीये!"

मी पण हसले. कारकुनाची चूक असणार, ओळ चुकली असेल.

फोन ठेवल्यावर हसू थांबलं.

२ डिसेंबर, शनिवार

बाबांना म्हटलं, ती टिकांची यादी मला पाठवाल का? माझी रंगांची यादी किती बरोबर आली ते ताडून बघायचंय. पलीकडे पान उलटल्याचा आवाज झाला. मग — "पाठवतो. तुझ्या कामाची आहे." पाय कसा आहे? "पान अठरा झालं."

३ डिसेंबर, रविवार

यादी आली. बाबांनी स्वतः सायबर कॅफेत बसून स्कॅन केली आहे, एकही पान वाकडं नाही.

हिरवे बघितले नाहीत. पिवळे बघितले नाहीत. सरळ चौथं पान काढलं.

५८ पैकी ३१ जणांनी मतदान केलंय.

गणपतराव, मयत २००१ — टिक. छाया, लग्न होऊन सुरतेला — टिक. सुबोध — टिक. त्याची डेट्रॉईटची बहीण — टिक. ६११, बेबी दादाराव इंगळे — टिक. ६१२, प्रियदर्शिनी दादाराव इंगळे — टिक.

आई मतदान करून आली. मीही आले. दोघी एकाच रिक्षात होतो का?

मीच शोधून दिली सगळी. कोण नक्की येणार नाही ते छातीठोक! वय, स्त्री की पुरुष, सगळं. त्या वयाची बाई शोधायची, चिठ्ठी हातात द्यायची, पाठवायची. खऱ्या माणसाशी गाठ पडायची भीती नाही, कारण खरा माणूस कुठे आहे ते ताईने फोन करून विचारून ठेवलंय. जातीचा रकाना नाही केला म्हणून मी मिरवत होते! हे पान केलं.

अकरा मतांनी.

३ डिसेंबर, पुन्हा

प्रबोधशी बोलले. आधी "कोण सांगते तुले?" मग चिडला.

"दीनानाथनं किती टाकली माहीत आहे काय तुले? त्याच्या बाजूची मेलेली माणसं दर पाच वर्षांनी मत देतात. आपली काहून नाही?" मी म्हटलं, आई होती ती, प्रबोध. "आई जिती असती तर तिनं बाबालेच मत देलं असतं. का नाही?" मी म्हटलं, बाबांना कळलं तर? "त्यायले कसं कळते? अन् कळलं तर सांगशीन तूच. सांग. जानेवारीत ठराव येऊन राह्यला. बाबा नसले की शाळा गेली. तीनशे पोरं कुठं जातीन ते पण तूच सांग."

मी शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या. शेवटी म्हणाला, "डोळे मिट नं ताई. तुनंच यादी देली."

४ डिसेंबर, सोमवार

बाबांना कसं नाही कळणार? गणपतराव पान दोनवर आहेत! बाबा गेले असतील त्यांच्या दारात. आभार मानायला. सुनेने दार उघडलं असेल.

पण आवाजात काही नाही. आज फक्त "पान सत्तावीस". म्हणजे पान एकवीसही झालं. आमचंच घर. तिथे काय केलं असेल त्यांनी? स्वतःच्या दाराची कडी वाजवली? की ते पान न पाहताच उलटलं? नजर कमी झालीये, अक्षर बारीक आहे. चिकटून उलटलं असेल. पानं चिकटतात.

मी काय काय मानायला तयार आहे बघा.

५ डिसेंबर, मंगळवार

रत्नदीपला सांगितलं. तो म्हणाला, सांग त्यांना. आणि शाळा? "शाळेचं तेच ठरवतील. तू नको ठरवू."

उद्या सांगते.

६ डिसेंबर, बुधवार

आज महापरिनिर्वाण दिन. आजच्या दिवशी कसं सांगू? ज्यांच्यामुळे आमच्या आजीच्या बोटाला पहिल्यांदा शाई लागली, त्यांचा दिवस. संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते. मेणबत्ती लावताना सगळ्यांनी अभिनंदन केलं! ताई, तुमच्या वडिलांनी नाव काढलं. हो, म्हटलं. हो, हो.

७ डिसेंबर, गुरुवार

फोन केला. सांगायचं ठरवूनच. कागदावर पहिलं वाक्य लिहून घेतलं होतं.

पायाची चौकशी केली, ऋचाच्या सुट्टीचं सांगितलं, इथल्या पावसाचं सांगितलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "यादी ताडून पाहिलीस?"

हो, बाबा.

"बरोबर आली?"

बरीचशी.

"बरं." मग — "तुला काही सांगायचं आहे का, प्रियदर्शिनी?"

शाळेत हाच प्रश्न ते वर्गासमोर विचारायचे. काच फुटली की. ओरडायचे नाहीत. विचारायचे आणि खिडकीकडे बघत उभे राहायचे, वेळ द्यायचे. मला सगळं आठवलं. तरी तोंडातून आलं — नाही, बाबा.

"बरं. पान बेचाळीस झालं."

८ डिसेंबर

कागद अजून पर्समध्ये आहे.

९ डिसेंबर, शनिवार

शुभदाला विचारलं, बाबा कसे वाटतात? म्हणाली, चांगले आहेत, ताई. जेवतात. गेल्या रविवारी तेवढं सकाळी आंघोळ करून आईंच्या फोटोपुढे उभे होते, ती यादी हातात घेऊन. हात जोडले, यादीवर एक खूण केली आणि बाहेर पडले. प्रबोधशी आठ दिवस बोलत नाहीत, का ते मला कोणी सांगत नाही.

१० डिसेंबर, रविवार

सकाळी बाबांचा फोन. स्वतः केलेला. ते कधी करत नाहीत, मिस्ड कॉल देतात.

"अनुक्रमांक सहाशे बारा, प्रियदर्शिनी दादाराव इंगळे?" हजेरी घेतात तशा आवाजात.

मी म्हटलं — हजर.

"मतदानाला आल्याबद्दल आभारी आहे. उद्या राजीनामा देतोय. त्याआधी सगळ्यांचे मानायचे होते, तुझे तेवढे राहिले होते."